सिंथ-पॉपचं कंपायलेशन घेतलं आणि पार पोपट झाला, सगळी अशीच असतात का?

आठवणींचा_लूप

मंडळी, थोडं रडगाणं आहे, सांभाळून घ्या.

बरेच दिवस मनात होतं की ८०च्या दशकातलं सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर उभं असलेलं पॉप) एकदा नीट, एका जागी, चांगल्या आवाजात ऐकायचं, कारण माझ्याकडे जे आहे ते सगळं इकडून तिकडून जमवलेलं, अर्ध्या फायलींची नावं चुकीची, काहींचा शेवटच गायब. म्हणून कंपायलेशन, म्हणजे वेगवेगळ्या बँडची गाणी एकत्र केलेला चार डिस्कचा एक बॉक्स घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. कव्हरवर तेच ते, गुलाबी निऑनची जाळी, मावळता सूर्य, खाली कीबोर्ड, आणि ठळक अक्षरात 'सर्व मूळ कलाकार'. गाण्यांची यादी बघून तर मी हवेतच होतो.

रात्री हेडफोन लावून बसलो. पहिली दोन-तीन गाणी ठीक. मग न्यू ऑर्डर या बँडचं 'ब्लू मंडे' आलं. आता हे गाणं मी इतक्या वेळा ऐकलंय की ते डोक्यात आपोआप चालतं, सुरुवातीला नुसता तो किक ड्रम, मध्येच अडखळल्यासारखा धडधडधड होणारा, मग एकेक थर चढत जातो आणि दोन मिनिटं उलटून गेल्यावर कुठे माणूस गायला लागतो. ती दोन मिनिटं म्हणजेच तर गाणं आहे. इथे काय, किक सुरू झाला, मी डोळे मिटले, आणि लगेच गायक हजर! मला वाटलं चुकून पुढे सरकवलं की काय. वेळ बघितली तर साडेसात मिनिटांचं गाणं जेमतेम चार मिनिटांत उरकलेलं.

बरं, ते एक असो. पुढच्या डिस्कवर एक असं गाणं लागलं की चाल तीच, शब्द तेच, गायकही तोच वाटतोय, पण काहीतरी भलतंच. आवाज जाडसर, वरचा सूर लावायच्या ऐवजी खालून वळसा घेतोय. ड्रम इतके स्वच्छ की जीवच नाही. शाळेतला मित्र तीस वर्षांनी भेटावा आणि ओळखूच येऊ नये, तसं झालं अगदी. आणि तो सिंथ! मूळ गाण्यात तो किंचित बेसूर होतो, थरथरतो, त्यातच मजा आहे, इथे एकदम इस्त्री केल्यासारखा.

मग सगळाच मूड गेला. प्रश्न असा की माझंच नशीब फुटकं का ही कंपायलेशन सगळी अशीच असतात? आणि घ्यायच्या आधी कळायचा काही मार्ग आहे का?

---

बारा_इंची

लूपभाऊ, स्वागत आहे या दुःखात. सगळ्यांचं एकदा होतं.

तुमची फसगत 'मूळ कलाकार' या दोन शब्दांत झालीये. नीट वाचा, मूळ कलाकार लिहिलंय, मूळ रेकॉर्डिंग नाही लिहिलेलं. कायद्याने ते खोटं बोललेलेच नाहीत. गायक तोच आहे, फक्त त्याने ते गाणं वीस-तीस वर्षांनी परत गायलंय.

कारण साधं आहे, पैसा. मूळ टेपचा हक्क बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीकडे असतो, गाणाऱ्याकडे नसतो. जुन्या करारांमध्ये अट असायची की इतकी वर्षं तू हेच गाणं दुसऱ्यासाठी रेकॉर्ड करायचं नाहीस. ती मुदत संपली की गायक मोकळा, तो छोट्या स्टुडिओत जाऊन तेच गाणं परत करतो आणि या नव्या रेकॉर्डिंगचा मालक तो स्वतः. मग बॉक्सवाल्या कंपनीला मोठ्या लेबलकडे जाऊन मूळ टेपचं लायसन मागण्यापेक्षा हे स्वस्तात पडतं. गायकालाही मूळ रेकॉर्डवर जे मिळायचं त्यापेक्षा जास्त मिळतं, त्यामुळे मी गायकाला दोष देत नाही. दोष त्या बारीक अक्षरांचा.

ती बारीक अक्षरं बघा आता. डिस्कच्या मागे किंवा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर गोलात पी असलेली खूण असते, ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा बाजारात आल्याचं वर्ष. गोलात सी म्हणजे कव्हर, मजकूर वगैरेचं. १९८१ च्या गाण्यापुढे गोल-पी २००७ असेल तर समजून जा. पण यातही गोम आहे, कधीकधी अख्ख्या संग्रहाला मिळून एकच वर्ष देतात आणि मग काहीच कळत नाही. प्रत्येक गाण्याखाली 'अमुक कंपनीच्या परवानगीने' असं वेगवेगळं लिहिलेलं असेल तर बरं लक्षण. चाळीसही गाण्यांच्या खाली एकच अनोळखी नाव असेल तर हात जोडा आणि ठेवून द्या.

'ब्लू मंडे'चं दुखणं मात्र वेगळं आहे. ते १९८३ साली आलं तेच मुळी १२ इंची रेकॉर्डवर (लांब आवृत्त्यांची मोठी रेकॉर्ड), सात मिनिटं एकोणतीस सेकंद. ७ इंची छोटी रेकॉर्ड तेव्हा काढलीच नव्हती. त्यामुळे तुमच्या डिस्कवर जे आहे ते नंतर कोणीतरी कापलेलं, किंवा १९८८ चं रीमिक्स असेल, ज्यात अमेरिकन निर्माता क्विन्सी जोन्सचा हात होता. बघा बरं, सुरुवातीला किकच्या बरोबर अजून काही चमचमाट येतोय का?

---

चिडका_बिब्बा

कापाकापी, री-रेकॉर्डिंग हे सगळं खरं, पण मला विचाराल तर खरं घोडं दुसरीकडेच पेंड खातंय.

गाण्यांची यादी!! दर वर्षी नवा बॉक्स, नवं कव्हर आणि आत तीच तीस गाणी. सॉफ्ट सेलचं 'टेन्टेड लव्ह', ह्यूमन लीगचं 'डोन्ट यू वॉन्ट मी', डेपेश मोडचं 'जस्ट कान्ट गेट इनफ', युरिथमिक्स, आ-हा, झालं. कोणीतरी एकदा यादी केली आणि बाकीच्यांनी ती कॉपी-पेस्ट केली असं वाटतं.

डेपेश मोडचंच घ्या. 'जस्ट कान्ट गेट इनफ' लिहिलं व्हिन्स क्लार्कने, १९८१ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या शेवटी बाबा बँड सोडून गेला, एलिसन मॉयेटबरोबर याझू काढलं, मग पुढे इरेझर. डेपेश मोड नंतर कुठल्या कुठे गेले, काळं, जड, लोखंड आपटल्याचे आवाज सँपल (म्हणजे रेकॉर्ड) करून गाणी करायला लागले. पण कंपायलेशनवाल्यांच्या लेखी ते अजून उड्या मारणारी पोरंच आहेत. ज्या माणसाने बँड सोडला त्याच्या एका गाण्यावर अख्ख्या बँडची ओळख, हा काय न्याय आहे?

आणि जॉन फॉक्स कुठाय? 'अंडरपास', १९८०. फॅड गॅजेट कुठाय? म्यूट रेकॉर्ड्स या लेबलचं दुसरंच सिंगल त्याचं. बेल्जियमचे टेलेक्स? जपानचे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा? १९७८-७९ लाच ही माणसं करून बसली होती आणि यांच्या बॉक्सवर सिंथ-पॉप म्हणजे फक्त इंग्लंड, फक्त १९८१ ते ८५, फक्त केस फुगवलेले लोक.

अजून एक चीड आणणारी गोष्ट. ओएमडी या बँडचं 'इनोला गे' हमखास 'पार्टी' वाल्या डिस्कवर असतं. अरे ते हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं गाणं आहे! विमानाला पायलटने आपल्या आईचं नाव दिलं होतं, तेच गाण्याचं नाव. सकाळी सव्वाआठची वेळ गाण्यात येते, ती बॉम्ब पडल्याची वेळ. चाल नाचरी आहे हे मान्य, ती मुद्दामच तशी आहे, तोच तर काटा आहे त्यातला. पण त्याच्या मागेपुढे दोन प्रेमगीतं लावली की काटाच निघून जातो.

संपलं माझं. बीपी वाढलं.

---

आठवणींचा_लूप

@बारा_इंची आत्ता भिंग घेऊन बसलो (अक्षरशः भिंग). तुम्ही म्हणता तसंच. तेरा गाण्यांखाली एकच नाव, त्या नावाचं लेबल आयुष्यात ऐकलं नाही. आणि 'ब्लू मंडे' बहुधा ८८ चंच आहे, सुरुवातीलाच जास्तीचे आवाज येतात.

@चिडका_बिब्बा 'इनोला गे' माझ्या बॉक्समध्ये डिस्क ३ वर आहे. डिस्कचं नाव 'डान्सफ्लोअर'. 😑

---

मंद_फेडर

मी आवाजाच्या कामात आहे म्हणून थोडं त्या बाजूने लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

मूळ रेकॉर्डिंग असलं, पूर्ण लांबीचं असलं, तरीही कंपायलेशनवर ते मेलेलं वाटू शकतं. कारण चाळीस गाणी चाळीस वेगळ्या ठिकाणी झालेली असतात, कोणाची टेप दबक्या आवाजाची, कोणाची खणखणीत. बॉक्स करणाऱ्याला वाटतं की ऐकणाऱ्याला दर गाण्याला आवाज कमी-जास्त करायला लागू नये, मग तो सगळ्यांना एका पातळीवर आणतो. इथपर्यंत ठीक. पण ती पातळी कुठली, तर शक्य तितकी वरची. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारं यंत्र) लावायचा आणि दाबत जायचं. सीडीला वरची हद्द ठरलेली आहे, तिच्यापुढे आवाज जाऊच शकत नाही, त्यामुळे मोठे आवाज होते तिथेच राहतात आणि बारीक आवाज वर येऊन त्यांच्या छातीवर बसतात.

रॉकमध्ये हे एकवेळ खपतं, कारण तिथे गिटारची भिंत असतेच. सिंथ-पॉपची तर सगळी गंमत मोकळ्या जागेत आहे. 'डोन्ट यू वॉन्ट मी' ऐका, 'डेअर' अल्बममधलं मूळ, मार्टिन रशेंट या निर्मात्याने केलेलं. त्यातले ड्रम लिन एलएम-१ या ड्रम मशीनचे. १९८० चं मशीन, खऱ्या ड्रमचे आवाज सँपल करून वाजवणारं पहिलं, आणि बनले जेमतेम पाचएकशे. त्यात एक ठोका पडतो आणि पुढचा पडेपर्यंत मध्ये काहीच नसतं, पूर्ण पोकळी, त्या पोकळीतून बेसलाइन पायऱ्या उतरल्यासारखी येते. दाबलेल्या आवृत्तीत ती पोकळी भरून जाते, ठोक्यानंतरची शेपटी फुगते, आणि सगळं एकसंध गुणगुण. दहा मिनिटांत कान दुखायला लागतात आणि आपल्याला वाटतं गाणीच कंटाळवाणी आहेत.

फुकटची ऑडॅसिटी (आवाजाचं सॉफ्टवेअर) उतरवून घ्या, त्यात फाइल उघडा. जुन्या सीडीवरचं गाणं माशाच्या काट्यासारखं दिसेल, टोकं टोकं. या बॉक्सवरचं विटेसारखं. कानांवर विश्वास नसेल तर डोळ्यांवर ठेवा.

बिब्बेराव म्हणतात ते 'मागेपुढे काय लावलं' हे मात्र शंभर टक्के. त्यात माझी भर एवढीच की १९८३ ला यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथ आला आणि मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत) आलं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं सिंथ-पॉप कानाला वेगळं लागतं. आधी मूग, कॉर्ग, रोलँडचे अॅनालॉग, गरम, जरा डगमगणारे, नंतर ती काचेसारखी टणक घंटा. हे दोन एकाआड एक लावले की दोन्ही फिके पडतात. वर्षांच्या क्रमाने लावलं असतं तर आपोआप एक गोष्ट तयार झाली असती. पण नाही, हिट आधी, बाकी नंतर.

---

निळी_फीत

सगळे इतके तुटून पडलेत म्हणून जरा उलट बाजूने लिहिते, मारू नका.

मला सिंथ-पॉप कळलं तेच एका असल्या कंपायलेशनमुळे. कव्हर तसलंच भडक, क्रम तसलाच उटपटांग. एका टोकाला गॅरी न्यूमनचं 'कार्स' आणि त्याला लागून अल्ट्राव्हॉक्सचं 'व्हिएन्ना', काही संबंध आहे का? पण मला तेव्हा क्रम वगैरे काय कळणार. 'व्हिएन्ना' संथ चालू असतं, मशीनचे ठोके, पियानो, आणि मध्येच वेग पकडतं आणि त्यात व्हायोला वाजायला लागतो, मी जागेवरून उठून स्पीकरजवळ जाऊन बसले होते. नंतर मूळ अल्बम शोधला तेव्हा कळलं की माझ्या डिस्कवर ते जरा कापलेलं होतं. मग काय झालं? कापलेलं होतं म्हणूनच अख्खं शोधावंसं वाटलं ना?

मुद्दा हा की लूपदादा, तुम्हाला ही गाणी आधीच तोंडपाठ आहेत. हे बॉक्स तुमच्यासाठी बनवलेलेच नाहीत. ज्याला 'ब्लू मंडे' माहीतच नाही त्याला चार मिनिटंही पुष्कळ आहेत.

आणि सगळी कंपायलेशन वाईट हेही नाही पटत. १९८१ चा 'सम बिझार अल्बम' काय होता? कंपायलेशनच. त्यात डेपेश मोड, सॉफ्ट सेल, ब्लँकमांज, द द, सगळे एकत्र आणि तेव्हा त्यांना कोणी ओळखतही नव्हतं. ते गोळा करणाऱ्याने हिट बघून नाही, कान लावून निवडलं होतं.

---

चिडका_बिब्बा

फीतताई, 'सम बिझार'चं मान्य, पण ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे निवडणारा माणूस होता. इथे निवडतो कोण? विक्रीचा तक्ता.

---

बारा_इंची

@निळी_फीत '४ मिनिटंही पुष्कळ' हे नाही पटलं पण वाद घालत नाही. नव्या माणसाला पहिल्यांदाच ती दोन मिनिटांची वाट बघायला मिळायला हवी असं माझं मत. असो.

पण कंपायलेशन म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण इथे घोळ घालतोय. सतरा बँडची भरताड करणारा बॉक्स वेगळा आणि एकाच बँडचा सिंगल्स संग्रह वेगळा. सिंथ-पॉपमध्ये दुसरा प्रकार टाळून चालतच नाही, कारण या लोकांची कितीतरी चांगली गाणी अल्बमवर आलीच नाहीत. 'ब्लू मंडे' न्यू ऑर्डरच्या १९८३ च्या अल्बमच्या मूळ ब्रिटिश एलपीवर नव्हतं. डेपेश मोडचं 'गेट द बॅलन्स राइट' कुठल्याच स्टुडिओ अल्बमवर नाही. 'शेक द डिझीज'ही नाही, ते १९८५ च्या सिंगल्स संग्रहात मिळतं. ते तुम्ही कंपायलेशन नको म्हणून सोडणार का?

न्यू ऑर्डरचा 'सब्स्टन्स', १९८७, हा या प्रकारातला राजा, १२ इंची आवृत्त्या एका जागी. पण राजाच्याही पायात काटा आहेच. त्यातलं 'टेम्प्टेशन' आणि 'कन्फ्यूजन' ही मूळ रेकॉर्डिंग नाहीतच, बँडने ८७ मध्ये नव्याने केलेली आहेत, आणि 'परफेक्ट किस'चा शेवट सीडीवर छाटलेला. म्हणजे री-रेकॉर्डिंग फक्त भुरटे लोकच करतात असं नाही, मोठेही करतात. फरक इतकाच की ८७ चं 'टेम्प्टेशन' बऱ्याच लोकांना मूळपेक्षा जास्त आवडतं, मलाही. (हे वाचून कोणीतरी आता मला शिव्या घालणार.)

बहु-बँडवाल्यात घ्यायचंच असेल तर २०१६ चा 'क्लोज टू द नॉइज फ्लोअर' बघा, १९७५ ते ८४ चं ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक, चार सीडी. किंवा २०१० चा 'द मिनिमल वेव्ह टेप्स'. बिब्बेरावांची चिडचिड निम्म्याने कमी होईल. हिट मात्र शोधू नका त्यात, सापडणार नाहीत.

अवांतर: 'टेन्टेड लव्ह' कोणाच्या बॉक्समध्ये नऊ मिनिटांचं असेल तर सांभाळून ठेवा. १२ इंचीवर ते तसंच पुढे सुप्रीम्सच्या गाण्यात शिरतं, मधला सांधा इतका सुंदर आहे की बास. आणि दोन्ही गाणी दुसऱ्यांची, त्यामुळे सॉफ्ट सेलला गीतकार-संगीतकार म्हणून त्यावर एक छदामही नाही.

---

मंद_फेडर

'टेम्प्टेशन' ८७ पेक्षा ८२ चं चांगलं. शिव्या नाही घालत, फक्त नोंदवून ठेवतो.

---

आठवणींचा_लूप

सगळ्यांचे आभार. रविवारी अख्खा दिवस घालवला यात, घरचे वेडा समजतायत. चारही डिस्क घेऊन बसलो, प्रत्येक गाण्याची वेळ लिहून काढली आणि माझ्या जुन्या फायलींशी, नेटवरच्या मूळ वेळांशी ताडून पाहिली. एकूण ६४ गाणी. त्यातली १३ नव्याने गायलेली, ती भिंगानेच कळली होती. ९ कापलेली. दोन गाण्यांवर 'एक्स्टेंडेड' लिहिलंय आणि आहे साधी ७ इंचीच आवृत्ती, हे तर सरळ खोटंच झालं ना, इथे 'मूळ कलाकार' सारखी पळवाटही नाही. ऑडॅसिटीत सहा-सात उघडून पाहिली. विटा. एकही मासा नाही, फेडरसाहेब.

म्हणजे चाळीस गाणी तशी बरी आहेत. फीतताई, तुमच्यासाठी हा आकडा मुद्दाम लिहिला.

आणि एक कबुली द्यायची राहिली. डिस्क ४ मी पहिल्या रात्री ऐकलीच नव्हती, रागात ठेवून दिली होती. काल वेळा लिहिता लिहिता अकरावं गाणं लागलं, ब्लँकमांजचं 'लिव्हिंग ऑन द सीलिंग'. फीतताईंनी 'सम बिझार'च्या यादीत नाव घेतलं म्हणून ते ओळखीचं वाटलं एवढंच, बाकी मी हे गाणं आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. वहीत वेळ लिहायला पेन उचललं आणि तसाच थांबलो. सिंथच्या खाली तबला वाजतोय की! मला वाटलं भास होतोय. मग सतार. आणि वरवर डकवल्यासारखी नाही, गाण्याची धूनच ती घेऊन चाललीये. चार वेळा ऐकलं, वेळ लिहायची राहूनच गेली. पुस्तिकेत बघितलं तर वाजवणाऱ्यांचं नाव नाही, बँडचं नाव आणि वर्ष १९८२, संपलं. कोणाला माहितीये का कोण आहेत ते? आणि हे तरी मूळ आहे ना, का हेही परत केलेलं?

---

बारा_इंची

तबला पंडित दिनेश, सतार दीपक खजांची. अल्बम 'हॅपी फॅमिलीज', १९८२. ते अख्खं ऐका.

मूळ आहे का ते वेळ लिहिल्याशिवाय कसं सांगू, लिहा की आधी!

---

आठवणींचा_लूप

पाचव्यांदा लावलंय. लिहितो.